चालू वर्षीची यादी तेवढी माझी

तीर्थस्वरूप अक्का यांच्या सेवेशी,

आपल्या धाकट्या बहिणीच्या पतीचा कृतानेक नमस्कार.

आपला उजवा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, साडूभाऊंचा खोकला उतरला की त्यांनी तो अंगवळणीच पाडून घेतला, आणि आपल्या गॅलरीतल्या कुंड्यांना ह्या दिवसांत पुरेसे ऊन मिळते का, ह्या तिन्ही गोष्टींची चौकशी मी दूरध्वनीवरूनच करणार होतो. गेल्या अकरा महिन्यांत मी आपल्याला दहा वेळा दूरध्वनी केला. नऊ वेळा आपण "हॅलो" म्हणालात, मी "अक्का, मी बोलतोय" म्हणालो, आणि पुढचे संभाषण यंत्राने एकट्याने केले. (दहाव्या वेळी साडूभाऊंनी उचलला व "ती घरी नाही" असे सांगितले, मागून आपला आवाज "मी घरी नाही म्हणून सांगा" असे सांगत होता. साडूभाऊंचे पाठांतर ह्या वयातही शाबूत आहे, याचा आनंद वाटला.) म्हणून हे पत्र. पत्रही अर्ध्यावर मिटून ठेवता येते हे मी जाणतो. परंतु मिटले तरी त्यातला मजकूर बोलणे थांबवत नाही, एवढीच त्याची जमेची बाजू.

आपण माझ्याशी का बोलत नाही हे मला कळत नाही, असे मी सर्वांना सांगत आलो. कळत होते. तिची शोकसभा व्यापारी मंडळाच्या सभागृहात झाली. आपण पहिल्या रांगेत, पंख्याखालच्या खुर्चीत होता. मी कागदावरून वाचले. (तोंडी बोलणे मला जमले नसते, शिवाय कागद हातात असला की थरथरण्याचा दोष कागदावर टाकता येतो.) मी वाचले की, दिवंगत पत्नी अत्यंत सालस होती, व्यापार आणि राजकारण यांसारख्या रुक्ष विषयांत तिला रस नव्हता, आणि माझ्या लेखनात तिने अठरा वर्षांत कधीही व्यत्यय आणला नाही. 'व्यत्यय' ह्या शब्दापाशी आपण हातातला पाण्याचा पेला खुर्चीखाली ठेवलात, पदर सावरलात आणि निघून गेलात. मी पुढचा परिच्छेद वाचला. तो माझ्या कार्याविषयी होता.

ते कार्य काय, हे आपल्याला नव्याने सांगणे म्हणजे सोनाराला सोने ओळखायला शिकवणे. तरीही जे मी आजवर कोठेही लिहिले नाही ते एकदा माझ्या हाताने लिहू द्यावे. मंडळाच्या साप्ताहिकात वर्षअखेरीस 'सरत्या वर्षाचे जेते आणि पराभूत' हे सदर माझ्या नावाने येते. नावाखाली 'अर्थशास्त्राचे पदवीधर' असे छापतात. (पहिल्या वर्षी मीच आग्रह धरला होता, पुढे त्यांना ते काढण्याचा कंटाळा आला असावा.) कोणत्या धंद्याने बाळसे धरले, कोणता धंदा आतून पोखरला आहे, कोणता पुढारी तोंडावर पडला आणि कोण पडल्यासारखा दिसत असूनही उभाच आहे, याचा निवाडा त्यात असतो. लोक तो अंक जपून ठेवत. बँकेचे व्यवस्थापक मला पाहून खुर्चीतून उठत. अठरा वर्षांत एक निवाडा खोटा ठरला नाही, आणि ठरणार तरी कसा? ते सर्व निवाडे शिलाईयंत्रावरून उठून येत होते.

तिचे यंत्र पुढल्या खोलीत, खिडकीखाली. (हे पत्र त्याच्याच फळीवर लिहीत आहे, माझ्या टेबलापेक्षा येथे उजेड बरा असतो, हे मला यंदा समजले.) अर्ध्या गावाचे कपडे तिच्याकडे सैल करायला, आत घ्यायला, पालटायला येत. कपडे खोटे बोलत नाहीत, असे ती म्हणे. एखाद्या कारखान्याचे गणवेश ठिगळावर ठिगळ लावायला येऊ लागले की तिने ओळखावे, मालकाचा जीव धंद्यातून उडाला. दुकानातल्या नोकराची विजार सैल करायला आली की, तेथे माणसाला निवांत जेवायला वेळ मिळतो, ते दुकान टिकणार. मतदानाआधी नवा सदरा शिवायला टाकणारा हमखास आपटतो आणि जुनाच सदरा कॉलर पालटून नेणारा निवडून येतो, हा तर तिचा सिद्धांतच होता. ती सुई दातात धरून म्हणायची, "साबणवाला बुडतोय हं," आणि मी आतल्या खोलीत जाऊन 'खेळत्या भांडवलाच्या प्रवाहातील चिंताजनक अवरोध' असे लिहीत असे. तिचे वाक्य तीन शब्दांचे, माझे चार ओळींचे. ह्या दोहोंमधल्या अंतराला मी माझे लेखन समजत होतो.

आपण एकदा पाहुण्यांसमोर मला विचारले होते, "काय हो, यंदा कोण जिंकलं ते तिनं तुम्हाला सांगितलं का अजून? मला रविवारीच कळलं." पाहुणे हसले, मीही हसलो, आणि ती चहा टाकायला उठून गेली. त्या दिवशी मी समजून चुकलो, की हे गुपित जगात तीन माणसांना ठाऊक आहे: तिला, मला आणि आपल्याला. तीन ह्या आकड्याकडे मी पुढे पुन्हा येईन.

यंदा सदर लिहायला मी नकार द्यायला हवा होता. संपादक दारात येऊन अवघडून म्हणाले, "ह्या वर्षी राहू द्या हवं तर. लोक समजून घेतील." मला ते सांत्वन वाटले. मी ताठ होऊन उत्तर दिले की, दुःख हे कर्तव्यच्युतीचे निमित्त होऊ शकत नाही. खरी गोष्ट अशी, की अठरा वर्षे ऐकून ऐकून थोडे तरी आत उतरले असेल अशी मला आशा होती. (दगडही अठरा वर्षे नळाखाली ठेवला तर ओला दिसतो.) भविष्य चुकणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. मी घडून गेलेले वर्ष चुकवून दाखवले.

उद्योगातला जेता म्हणून मी बिस्किट कारखान्याच्या मालकांची निवड केली. पुरावे भक्कम होते: दर्शनी भागाला नवी काच, आत चामड्याचा सोफा, आणि भेटीला गेलो असता मिळालेला बिस्किटांचा डबा. 'भरभराटीचा कळस' असा शब्दप्रयोग मी केला. अंक सोमवारी वाटला गेला; बुधवारी कारखान्याला कुलूप लागले. मला याची वार्ता नव्हती, कारण मी त्याच बुधवारी कोट घालून, अंकाच्या पाच प्रती बगलेत मारून, मालकांचे आभार स्वीकारण्यासाठी तेथेच निघालो होतो. फाटकाशी शंभरेक कामगार उभे. पॅकिंग विभागाच्या मुख्य बाईंनी मला ओळखले. "या साहेब, तुमचीच वाट बघत होतो. हा भरभराटीचा कळस नक्की कुठं आहे? वर बघायचं का?" सर्वांनी वर पाहिले. मीही पाहिले. धुराडे होते, धूर नव्हता. मी घसा साफ करून सांगू लागलो की, अर्थशास्त्रात लांब पल्ल्याचा विचार करावा लागतो. त्या म्हणाल्या, "पल्ल्याचं राहू द्या, मालक किती लांब पळालाय तेवढं सांगा." कोणी तरी मला बसायला स्टूल दिले, हे अधिक लागले. त्या बाईंच्या एप्रनच्या खिशावर तीन ठिगळे होती, एकावर एक, आणि टाके बारीक, तिरके, दुहेरी. मी ते टाके ओळखले. वर्षापूर्वी असल्याच एप्रनांचा ढीग माझ्या आरामखुर्चीवर असायचा. मी तो उचलून खाली ठेवीत असे आणि वर्तमानपत्रातले व्यापाराचे पान उघडीत असे.

राजकारणात मी याहून जोरात आपटलो. जेता: नगराध्यक्ष, जे शरदात बँड लावून निवडून आले होते. पराभूत: चित्रकलेच्या निवृत्त बाई, ज्या त्यांच्याविरुद्ध सदस्यांच्या मतदानात थोडक्या मतांनी पडल्या आणि ज्यांच्याविषयी मी 'एका राजकीय वाटचालीचा अस्त' असे लिहिले. मजकूर शुक्रवारी छपाईला गेला. शनिवारी सात सदस्य उठून पलीकडे जाऊन बसले आणि रविवार उजाडला तो बाईंना नगराध्यक्ष करूनच. आता, मंडळाचा असा परिपाठ आहे की जेत्यांना चौकटीतले मानपत्र द्यायचे, ते जाहीर समारंभात, आणि नगराध्यक्षांच्या हस्ते. मानपत्रे महिनाभर आधीच चौकटीत बसवून तयार असतात. तेव्हा पुढच्या रविवारी व्यासपीठावर जे दृश्य दिसले ते असे: अस्त पावलेल्या बाई अध्यक्षस्थानी, त्यांनी ज्यांना खाली ओढले ते गृहस्थ वर्षाचे जेते म्हणून मानपत्र घ्यायला उभे, दुसऱ्या जेत्याची, म्हणजे बिस्किटवाल्यांची, खुर्ची रिकामी, आणि दोघांच्या मधोमध मी, मानपत्र मोठ्याने वाचत. 'आपले स्थान अढळ आहे' ह्या वाक्याला मागल्या रांगेतून टाळ्या पडल्या. बाईंनी चौकट हातात घेतली, शांतपणे उलटी करून पाहिली आणि मला विचारले, "मागून खिळे ठोकलेत का चाप आहेत? चाप असतील तर आतला कागद बदलता येतो." चाप होते. मी तसे सांगितले.

समारंभ संपण्यापूर्वी मी मागच्या दाराने बाहेर पडलो आणि घरी आलो, तर किल्ली आत. आमचे दार ओढले की लागते, हे मला चौतीस वर्षांच्या संसारात शिकण्याचा प्रसंग आला नव्हता. किल्ली तिच्या पर्समध्ये असायची आणि मी तिच्या मागे उभा असायचो. शेजारीण म्हणाली, "किल्लीवाल्याला बोलावते, चुटकीसरशी उघडेल." मी म्हणालो, दुसरा कोणी नाही का? दुसरा कोणी नव्हता. अक्का, उद्योगातला पराभूत म्हणून मी त्याचीच निवड केली होती. 'अंकीय कुलपांच्या युगातील एक कालबाह्य कारागीर' हे माझे शब्द. वास्तविक त्याचे ह्या वर्षाइतके चांगले दिवस कधीच नव्हते: फुटलेल्या सात सदस्यांनी घरांची कुलपे बदलून घेतली, नव्या नगराध्यक्षांनी कचेरीतली सर्व कपाटे, आणि बिस्किट कारखान्याच्या फाटकावरचे ते कुलूपही बँकेने त्याच्याकडूनच बसवून घेतले होते.

तो आला, पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, "सरा साहेब, कालबाह्य माणसाला जरा जागा द्या." दार उघडायला त्याला माझा चष्मा पुसण्याइतकाही वेळ लागला नाही. मी औपचारिक खेद व्यक्त केला. तो म्हणाला, "रागावलो नाही हो. आम्ही सगळ्यांनी समजून घेतलं. वहिनी गेल्या, आता यादी करणार कोण? तुम्हालाच करावी लागणार."

मी विचारले, "म्हणजे?"

तो माझ्याकडे टक लावून पाहू लागला. सदरा उलटा घालून बाजारात आलेल्या माणसाकडे पाहावे तसा. "म्हणजे आम्हाला ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक नाही?"

अक्का, ते गुपित तीन माणसांचे नव्हते. किल्लीवाल्याला ठाऊक होते. शेजारीण (जी ऐकत उभी होती) म्हणाली, "मला तर पहिल्या वर्षापासून." छापखान्यात अक्षरे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला ठाऊक होते, शंका आली की तो तिलाच दूरध्वनी करीत असे. मी सकाळी नोकरीवर, विमा कचेरीत, गेलो की सर्व गाव कपडे घेऊन आमच्याकडे येई. यादीत येण्यासाठी बिस्किटवाल्याने एकदा डझनभर कोरे एप्रन दुरुस्तीला धाडले होते. तिने 'फाटले की आणा' असे सांगून परत पाठवले. माजी नगराध्यक्ष तर स्वतःच बटण तोडून ते लावून घ्यायला तासभर बसले होते म्हणे. आणि तिने प्रत्येकाला बजावले होते. किल्लीवाल्याने तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "ह्यांच्यापुढे विषय काढू नका. त्यांना वाटतं कुणाला माहीत नाही. कळलं तर लिहिणं सोडतील, आणि मग संध्याकाळी करतील काय?"

"अठरा वर्षं गावात एक गोष्ट लपून राहिली साहेब," तो पेटी बंद करीत म्हणाला, "ती फक्त तुमच्यापासून."

तो गेल्यावर मी दार उघडे टाकून बसून राहिलो. मला शोकसभा आठवली. तिला ह्या विषयांत रस नव्हता असे मी वाचत होतो, तेव्हा दोनशे माणसे माना खाली घालून बसली होती. मी त्याला दुःख समजलो होतो. त्या सर्वांनी तिला दिलेला शब्द पाळला, तिच्याच शोकसभेत, माझे ते वाक्य ऐकून घेऊन. आपण एकट्या उठून गेलात. आपण शब्द दिला नसावा, किंवा आपल्याकडून तो मागण्याचे धैर्य तिलाही झाले नसावे.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांकडे चार पानांचे निवेदन घेऊन गेलो. 'एका बौद्धिक उत्तरदायित्वाचा प्रश्न' असे शीर्षक दिले होते. त्यांनी ते सबंध वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "साहेब, चारी पानं तुमच्याविषयी आहेत. वहिनी तिसऱ्या पानावर येतात, त्यासुद्धा कंसात." मग त्यांनी लेखणी घेतली. जे उरले ते शुद्धिपत्र म्हणून पुढल्या अंकात, पहिल्या पानावर, चौकटीत येणार आहे. मजकूर असा: 'गेल्या अठरा वर्षांच्या जेत्यांच्या व पराभूतांच्या याद्या माझ्या पत्नीने केल्या होत्या, आणि मी ते लपवले. चालू वर्षीची यादी तेवढी माझी.' त्याखाली तिचे संपूर्ण नाव, माहेरच्या नावासह. माझ्या नावाखालची पदवी मी काढायला सांगितली.

आपली क्षमा मी मागत नाही. मागितली की ती द्यावी की न द्यावी हे काम आपल्यावर येते, आणि आपल्या घरच्या स्त्रियांवर कामे सोपवण्याचा माझा वाटा केव्हाच वापरून झाला आहे. उत्तराचीही अपेक्षा नाही. अंक पोचता होईल. साडूभाऊंस नमस्कार, आपल्या गुडघ्यास आराम पडावा ही इच्छा.

आपला,
धाकट्या बहिणीचा पती

ता. क. उत्तराची अपेक्षा नाही असे वर लिहिले ते खरे नाही. शुक्रवारच्या आत हवे आहे. संपादकांची एक अट आहे: शुद्धिपत्रासोबत तिचा फोटो, आणि त्यात ती एकटी असली पाहिजे. घरातले सर्व अल्बम मी काढून पाहिले. फोटो पुष्कळ आहेत. त्यांपैकी बहुतेकांत ती माझ्या खांद्यामागे आहे, काहींत तिचा केवळ कोपर आहे, आणि एकात ती माझा पडलेला चष्मा उचलण्यासाठी वाकली आहे. उरलेल्यांत ती नाही, कारण ते तिने काढले आहेत. ओळखपत्रावरचा आहे, परंतु त्यात ती फोटोग्राफरवर संतापलेली दिसते आणि संपादकांच्या मते वाचकांचा गैरसमज होईल. आपल्याकडे तिचा एकटीचा फोटो असेल, लग्नाआधीचा का असेना, तर कृपा करून पाठवावा. हे पत्र लिहिण्याचे मूळ कारण हेच. ते पहिल्या ओळीत लिहिण्याचे धाडस झाले नाही.

ता. क. दुसरा. तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडले आहे. चिठ्ठी घालण्याची आवश्यकता नाही, फोटो तेवढा घालावा. पाकिटावर आमचा पत्ता मी लिहिला आहे, नावाची जागा मात्र मोकळी ठेवली आहे. माझे नाव लिहिणे आपल्या जिवावर येत असेल, तर इतकी वर्षे आपण ह्या पत्त्यावर जिला लिहीत होता तिचेच घालावे. पोचेल. पोस्टमनला मी विचारून ठेवले आहे.